सीझनच्या मधेच टेबल बदलायचंय? नोडजेएसमधे मायग्रेशन कसं सांभाळायचं

आमच्या काकांची हापूसची कलमं आहेत, रत्नागिरीपासून थोडं आत, आणि त्यांच्या ऑर्डरचं ॲप मी लिहिलंय. नोडजेएस (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट), एक्सप्रेस (त्यावरचं वेब फ्रेमवर्क), मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. मुंबई-पुण्याची गिऱ्हाईकं फोनवरून पेटी बुक करतात, काका सकाळी लिस्ट बघून पेट्या भरायला सांगतात, संध्याकाळी गाडी सुटते. एवढंच ॲप. पण एवढ्याश्या ॲपच्या डेटाबेसने मला जेवढं रडवलंय तेवढं नोकरीतल्या मोठ्या प्रोजेक्टनेही नाही रडवलं, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

झालं असं की अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऑर्डरींचा नुसता पाऊस चालू असताना, मला एका कॉलमचं नाव आवडेना म्हणून मी सर्व्हरवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला थेट कमांड द्यायची खिडकी) उघडून अल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) मारला आणि नाव थेट बदलून टाकलं. नवीन कोड चढायला चार-पाच मिनिटं लागणार होती. त्या चार-पाच मिनिटांत जुना कोड जुन्या नावाने कॉलम शोधत बसला, पोस्टग्रेस म्हणतंय असा कॉलमच नाही, आणि काकांचा फोन आला, "अरे, गिऱ्हाईक सांगतंय पैसे गेले नि ऑर्डर दिसत नाय. काय केलंस काय तू?" काय सांगणार. बरं ते निस्तरलं, तर दोन आठवड्यांनी लॅपटॉपवर काम करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की लॅपटॉपवरचा डेटाबेस आणि सर्व्हरवरचा डेटाबेस आता दोन वेगळे प्राणी झालेत, आणि कुठे काय हाताने बदललंय याची नोंद कुठेच नाही.

तर पहिला नियम हा की सर्व्हरवरच्या टेबलाला हात लावायचा नाही. जो काही बदल करायचा तो फाईलमधे लिहायचा, ती फाईल गिटमधे (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) जाते, आणि प्रत्येक मशीनवर त्याच फाईली त्याच क्रमाने चालतात. यालाच मायग्रेशन म्हणतात, बाकी काही जादू नाही त्यात.

मी नेक्स (नोडमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) वापरतो म्हणून उदाहरणं नेक्सची देतोय. सुरुवात सोपी आहे, नेक्स आणि पीजी (पोस्टग्रेसला जोडून देणारं) ही दोन पॅकेजं टाका, मग नेक्स इनिट केलं की नेक्सफाईल तयार होते, तिच्यात डेव्हलपमेंट (आपला लॅपटॉप), प्रोडक्शन (खरा चालू सर्व्हर) असे वेगवेगळे कप्पे असतात आणि प्रत्येकात डेटाबेसचा पत्ता. पासवर्ड त्या फाईलीत लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (मशीनवर वेगळी ठेवलेली सेटिंग) घ्या. मग 'मायग्रेट मेक' (दोन शब्दांच्या मधे स्पेस नाही, कोलन) आणि पुढे बदलाचं नाव दिलं की एक नवी फाईल मिळते, जिच्या नावात पुढे १४ आकडे असतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. या आकड्यांवरून क्रम ठरतो. फाईलीत दोन फंक्शनं, अप आणि डाऊन. अपमधे बदल कसा करायचा, डाऊनमधे तो कसा उलटवायचा. 'मायग्रेट लेटेस्ट' म्हटलं की ज्या फाईली अजून चालल्या नाहीत त्या सगळ्या चालतात, 'मायग्रेट रोलबॅक' म्हटलं की शेवटची बॅच मागे जाते. शेवटची फाईल नाही हं, शेवटची बॅच, म्हणजे मागच्या लेटेस्टमधे तीन फाईली एकदम चालल्या असतील तर तिन्ही मागे जातील, हे माहीत नसेल तर दणका बसतो. एकच फाईल मागे न्यायची असेल तर 'मायग्रेट डाऊन' वेगळं आहे. आणि कमांड मारण्याआधी नोड एन्व्ह (कुठला कप्पा वापरायचा ते सांगणारं व्हेरिएबल) कुठे रोखलंय ते दोनदा बघा, लॅपटॉपवर बसून प्रोडक्शनला रोलबॅक मारणारे लोक मला माहितीयेत.

नेक्स ही नोंद ठेवतं कुठे तर तुमच्याच डेटाबेसमधे दोन टेबलं बनवतं. एकात चाललेल्या फाईलींची नावं, बॅच नंबर आणि वेळ, दुसरं फक्त कुलपासाठी, म्हणजे एका वेळी एकानेच मायग्रेशन चालवावं म्हणून. इथे एक गोम आहे. नेक्स फाईलीचं फक्त नाव लक्षात ठेवतं, आत काय लिहिलंय ते नाही. तुम्ही आधीच चाललेली फाईल उघडून आत एक कॉलम वाढवलात तर नेक्सला पत्ताच लागत नाही, त्याच्या लेखी ती चाललेली आहे. मग नव्याने सेटअप करणाऱ्या मित्राच्या मशीनवर तो कॉलम असतो आणि सर्व्हरवर नसतो, आणि तुम्ही रात्रभर डोकं खाजवत बसता. प्रिझ्मा (अशाच कामाचं दुसरं साधन) या बाबतीत जास्त कडक आहे, ते फाईलीचा चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) ठेवतं त्यामुळे कोणी आत ढवळाढवळ केली तर बोंब मारतं. तात्पर्य काय तर एकदा फाईल पुश झाली की ती दगडी चिऱ्यासारखी, चुकली असेल तर दुसरी फाईल लिहून दुरुस्त करा. फाईल डिलीटही करू नका, नोंदीत नाव आहे आणि फोल्डरात फाईल नाही असं दिसलं की नेक्स डिरेक्टरी करप्ट आहे म्हणून अडून बसतं.

जाता जाता, जे लोक सीक्वेलाईझचं सिंक किंवा टाईपओआरएमचं सिंक्रोनाईझ (कोड बघून टेबलं आपोआप बनवणाऱ्या-बदलणाऱ्या सोयी) प्रोडक्शनवर चालू ठेवतात त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. सिंकला फोर्स लावलं तर ते टेबल ड्रॉप करून नवीन बनवतं. डेटासकट. लॅपटॉपवर खेळायला ठीक आहे. प्रिझ्मावाल्यांनी पण मायग्रेट डेव्ह फक्त लॅपटॉपवर चालवायचं, सर्व्हरवर मायग्रेट डिप्लॉय, कारण डेव्हला काही जुळलं नाही तर ते डेटाबेस रिसेट करायला सुचवतं आणि घाईत माणूस करून टाकतो.

आता मायग्रेशनची फाईल लिहिताना जावास्क्रिप्टवाले ज्या चुका करतात त्या बघू, मी सगळ्या केल्यात. पहिली, अवेट (हे काम संपेपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) विसरणं. अप फंक्शन असिंक आहे, आत चार क्वेऱ्या आहेत, तिसरीपुढे अवेट राहिला, तर फंक्शन तिची वाट न बघता पुढे जातं, ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असा क्वेऱ्यांचा गठ्ठा) बंद होऊ शकतं, आणि ती क्वेरी बाहेर लोंबकळत राहते. दुसरी, फंक्शनला जो नेक्स ऑब्जेक्ट मिळतो तो सोडून आपल्या ॲपमधला इम्पोर्ट केलेला वापरणं. मिळालेला ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शनच्या आतला असतो, तुमचा बाहेरचा, मग आतला टेबल अडवून बसलाय आणि बाहेरचा त्याची वाट बघतोय, दोघंही जागच्या जागी. तिसरी म्हणजे मायग्रेशनमधे ॲपचं मॉडेल किंवा हेल्पर इम्पोर्ट करणं. आज चालतं ते. सहा महिन्यांनी तुम्ही ते मॉडेल बदलता आणि जुनी मायग्रेशन नव्या मशीनवर चालेनाशी होते. मायग्रेशनची फाईल आपल्या पायावर उभी पाहिजे, लागेल ते तिथेच लिहा, कोड दोनदा लिहिला गेला तरी चालेल.

आणि पोस्टग्रेसवाले असाल तर नशीबवान आहात, कारण पोस्टग्रेसमधे टेबल बनवणं, कॉलम टाकणं हे सगळं ट्रान्झॅक्शनच्या आत होतं, मधे काही फुटलं तर सगळं जसंच्या तसं मागे येतं, आणि नेक्स प्रत्येक फाईल आपोआप ट्रान्झॅक्शनमधे गुंडाळतं. मायएसक्यूएलमधे तसं नाही, तिथे प्रत्येक अल्टर टेबल स्वतःच कमिट करून टाकतो, त्यामुळे पाच बदलांपैकी तिसऱ्याला फुटलं तर दोन झालेले, तीन राहिलेले, आणि फाईल पुन्हा चालवावी तर पहिल्यालाच कॉलम आधीच आहे म्हणून एरर. मायएसक्यूएलवाल्यांनी एका फाईलीत एकच बदल ठेवावा.

आता मुख्य दुखण्याकडे येतो, चालू ॲपमधला कॉलम बदलणं. आमच्याकडे ऑर्डरच्या टेबलात पेटी नावाचा टेक्स्ट कॉलम होता. पहिल्या वर्षी मी फॉर्ममधे मोकळा टेक्स्ट बॉक्स ठेवला होता (तेव्हा अक्कल नव्हती), त्यामुळे लोकांनी मनाला येईल ते लिहिलेलं, कोणी '५ डझन', कोणी 'पाच डझन', कोणी 'मोठी पेटी', एकाने तर 'गेल्या वर्षीसारखी'. काकांना हवं होतं की आज एकूण किती डझन फळ काढायचं ते सकाळीच दिसलं पाहिजे. म्हणजे टेक्स्टचा आकडा करायला हवा, डझन नावाचा इंटिजर कॉलम. आणि हे सगळं एप्रिलमधे, ॲप एक मिनिट बंद न ठेवता.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की नवा कोड चढत असताना काही वेळ जुना आणि नवा दोन्ही कोड चालू असतात, त्यामुळे टेबल कायम असं पाहिजे की दोघांचंही भागेल. होडीतून धक्क्यावर पाय टाकताना एक पाय होडीत असतोच की, दुसरा घट्ट टेकल्याशिवाय पहिला कोण उचलतो.

म्हणून पहिल्या मायग्रेशनमधे फक्त डझन कॉलम वाढवला, नल (रिकामी जागा) चालेल असा. जुन्या कोडला तो दिसतही नाही, त्याचं काही बिघडत नाही. डिफॉल्ट द्यायचा असता तरी चाललं असतं, पोस्टग्रेस ११ पासून साधा ठराविक डिफॉल्ट असलेला कॉलम वाढवला तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, त्याच्या आधीच्या व्हर्जनात लिहिलं जायचं. मग नवा कोड चढवला, जो नवीन ऑर्डर आली की दोन्ही कॉलमांत लिहितो पण वाचतो मात्र अजून जुनाच, आणि फॉर्ममधे टेक्स्ट बॉक्सच्या जागी ड्रॉपडाऊन. इथून पुढच्या ऑर्डरी नीट येणार याची खात्री झाली, राहिल्या जुन्या.

जुन्या भरायला वेगळी फाईल. आणि इथे मराठी माणसाला बसणारा खास फटका आहे तो ऐका. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) देवनागरी आकडे कळत नाहीत. '५ डझन' दिलंत तर नॅन (म्हणजे 'हा आकडा नाही') मिळतं. रेजेक्समधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) अंक ओळखणारा बॅकस्लॅश डी पण फक्त इंग्रजी आकडे धरतो. मी लॅपटॉपवर टेस्ट केली ती इंग्रजी कीबोर्डवर टाईप करून, सगळं हिरवं, आणि खऱ्या डेटावर चालवल्यावर निम्म्या ओळी रिकाम्या. उपाय दोन आहेत, एक म्हणजे प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करायचे (देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, पुढचे ओळीने), किंवा सरळ पोस्टग्रेसचं ट्रान्सलेट फंक्शन वापरायचं, एका बाजूला देवनागरी दहा आकडे, दुसऱ्या बाजूला इंग्रजी दहा, काम फत्ते. मी दुसरं केलं. शब्दात लिहिलेल्यांसाठी चार-पाच शब्दांची छोटी यादी केली. 'मोठी पेटी' म्हणजे किती ते काकांना विचारलं. आणि 'गेल्या वर्षीसारखी'वाल्याला काकांनी फोनच केला, कारण प्रत्येक गोष्ट कोडनेच सोडवली पाहिजे असं कुठे लिहिलंय.

टेबल मोठं असेल, लाखांत ओळी असतील, तर एकच मोठा अपडेट मारू नका, आयडीप्रमाणे हजार-हजारचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा कमिट करा, म्हणजे त्या फाईलीपुरतं ट्रान्झॅक्शन बंद ठेवा. फाईलीच्या शेवटी कॉन्फिग एक्स्पोर्ट करून ट्रान्झॅक्शन फॉल्स लिहिलं की झालं. फक्त मग ती फाईल अर्ध्यात तुटली तर पुन्हा चालवता आली पाहिजे, म्हणून जिथे डझन अजून नल आहे अशाच ओळी उचला. आमच्या टेबलात एवढ्या ओळी नव्हत्याच, एका अपडेटमधे सगळं आटोपलं, उगाच मोठ्या कंपन्यांची नक्कल करायची गरज नसते.

भरून झाल्यावर एकही नल उरला नाही ना हे मोजलं, मग वाचणारा कोड नव्या कॉलमवर वळवला, दोन-तीन दिवस काकांची सकाळची लिस्ट आणि प्रत्यक्ष भरलेल्या पेट्या जुळतायत का बघितलं, आणि त्यानंतर नॉट नल लावलं. नॉट नल लावताना पोस्टग्रेस अख्खं टेबल तपासतं आणि तोवर ते अडवून ठेवतं. मोठ्या टेबलावर हे नको असेल तर आधी नल नको अशी चेक अट नॉट व्हॅलिड (जुन्या ओळी आत्ता तपासू नकोस) म्हणून टाकायची, मग ती निवांत व्हॅलिडेट करायची, आणि पोस्टग्रेस १२ पासून पुढे अशी व्हॅलिडेट झालेली अट असेल तर नॉट नल लावताना पुन्हा तपासणी होत नाही.

अडवण्यावरून आठवलं. आमच्या गावाकडचा रस्ता बघितलाय ना, दोन्ही बाजूला गडगा आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोर यष्टी उभी आहे म्हणून ट्रक थांबतो, आणि मग ट्रकच्या मागे दुचाकीवालाही अडकतो ज्याला खरं तर यष्टीच्या बाजूने सहज जाता आलं असतं. अल्टर टेबलचं डिट्टो असंच असतं. कोणीतरी मोठा रिपोर्ट काढत बसलंय, तुमचा अल्टर त्याच्या मागे थांबला, आणि आता तुमच्या मागे येणारी प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा (नुसती वाचायची क्वेरी) थांबली. बदल खरं तर क्षणाचा असतो पण ॲप मिनिटभर ठप्प. म्हणून मायग्रेशनच्या पहिल्याच ओळीत लॉक टाईमआऊट तीन सेकंद सेट करा, तीन सेकंदांत वाट मिळाली नाही तर अल्टर एरर देऊन बाजूला होतो, मागची रांग सुटते, आणि तुम्ही थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता.

इंडेक्सचंही (शोध पटकन व्हावा म्हणून ठेवलेली सूची) तसंच. साधा क्रिएट इंडेक्स चालू असताना त्या टेबलात लिहिता येत नाही, म्हणजे नवी ऑर्डर घेता येत नाही. त्याऐवजी कॉन्करंटली (लिहिणं न अडवता) लावा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून पुन्हा तेच ट्रान्झॅक्शन फॉल्स, आणि मधे फसलं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो आधी ड्रॉप करून मगच परत बनवायचा.

दराच्या कॉलमचा एक किस्सा सांगून टाकतो. तो इंटिजर होता, पैशांसाठी डेसिमल बरा म्हणून मी मायग्रेशनने बदलला, डेटाबेसमधे सगळं व्यवस्थित, मायग्रेशन पास. पण नोडचं पीजी पॅकेज डेसिमल आकडा नंबर म्हणून देत नाही, स्ट्रिंग म्हणून देतं, कारण जावास्क्रिप्टच्या नंबरमधे अचूकता जाऊ शकते. मग २५०० च्या पेटीत १५० पोचवणावळ मिळवली तर २६५० यायच्या ऐवजी '२५००.००१५०' आलं, आणि बिलावर ते छापलंही गेलं. कॉलमचा प्रकार बदलणारी मायग्रेशन असेल तर कोडमधे तो कॉलम जिथे जिथे वापरलाय ते आधी शोधा, नुसतं लेटेस्ट यशस्वी झालं यावर जाऊ नका.

सर्व्हर सुरू होताना ॲपच्या कोडमधूनच मायग्रेशन चालवायची सवय असेल तर सोडा. पीएमटूच्या (नोडच्या प्रोसेस सांभाळणारं साधन) क्लस्टर मोडमधे चार प्रोसेस उठतात, चारही मायग्रेशन चालवायला धावतात, एकाला कुलूप मिळतं आणि बाकीचे थांबून बसतात नाहीतर एरर देऊन पडतात. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमधे वेगळी पायरी ठेवा, आधी बॅकअप, मग मायग्रेशन, ती पास झाली तरच कोड रीस्टार्ट. बॅकअप म्हणजे पीजी डंप, आणि तो दुसऱ्या एका रिकाम्या डेटाबेसमधे उघडून बघितलेला असावा, नुसती फाईल आहे यावर विसंबू नका. माझं प्रामाणिक मत विचाराल तर प्रोडक्शनवर डाऊनचा फारसा भरवसा धरू नये, कॉलम ड्रॉप केल्यावर डाऊनने कॉलम परत येतो पण आतला डेटा थोडाच येतो. डाऊन लॅपटॉपवर ब्रँच बदलताना कामाला येतो, सर्व्हरवर बिघडलं तर पुढची दुरुस्तीची फाईल लिहून पुढेच जायचं.

राहिला जुना पेटी कॉलम. तो लगेच पाडला नाही. एप्रिल-मेमधे कसलीही तोडफोड करायची नाही असं आता ठरूनच गेलंय. आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, त्याच दिवसांत मीही डेटाबेसची शाकारणी करतो, ऑर्डरी नाहीत, कोणाची घाई नाही. कोडमधून पेटीचं नाव पूर्ण काढलं, महिनाभर तसंच चालवलं, मग जूनमधे ड्रॉपची फाईल.

आणि ती चालवताना नेमकी लाईट गेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतो, तोही पडला. एसएसएच (सर्व्हरशी असलेली जोडणी) तुटलं. ट्रान्झॅक्शन असल्यामुळे टेबल शाबूत राहिलं, पण परत जोडून लेटेस्ट मारलं तर नेक्स म्हणतंय मायग्रेशनला कुलूप आहे. कारण कुलूप लावणारी प्रोसेस मेली, काढायला कोणी उरलंच नाही. अशा वेळी 'मायग्रेट अनलॉक' आहे, पण ते मारायच्या आधी खरंच दुसरं कोणी मायग्रेशन चालवत नाहीये ना ते पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधे (सध्या काय चाललंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) बघा, मग अनलॉक, मग 'मायग्रेट स्टेटस', मग लेटेस्ट. त्या दिवसापासून सर्व्हरवर गेलो की आधी टीमक्स उघडतो आणि त्याच्या आत कमांड चालवतो, मग इकडे लाईट जाऊ दे नाहीतर टॉवर पडू दे, तिकडचं काम चालू राहतं.